भाव सांगताना मान वर असू द्या

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी जनावराला वैरण टाकून नुकत्याच उंबऱ्यात टेकल्या असाल. जिथं आहात तिथूनच ऐका. आज फक्त एक वही आणि पेन हाताशी असू द्या, कारण आज आपण हिशेब मांडणार आहोत. आकडे आम्ही सावकाश सांगू. एखादा निसटला तर लेकीला, सुनेला लिहून घ्यायला सांगा.

आजचा विषय आहे भावाचा. आठवडी बाजारात, जत्रेत, तालुक्याच्या प्रदर्शनात आपण माल मांडून बसतो. गिऱ्हाईक येतं, पाकीट उचलतं, उलटंपालटं करतं आणि विचारतं, "काय भाव?" नेमका इथं आपला आवाज बारीक होतो. दिवसभर पापड लाटताना न दमणारी बाई एक आकडा सांगताना अडखळते. "साठ रुपये... पण तुम्ही पन्नास द्या." गिऱ्हाइकानं कमी करा म्हटलेलंही नसतं!

असं का होतं? लाजेमुळे होतं, सवयीमुळे होतं, पण मोठं कारण वेगळं आहे. तो साठचा आकडा आला कुठून, हेच आपल्याला ठाऊक नसतं. शेजारच्या गटानं साठ लावले म्हणून आपण साठ. दुकानात पंच्याहत्तरला मिळतं म्हणून आपण साठ. घरचंच तर आहे, जास्त कसं सांगायचं, म्हणून साठ. ज्या भावाला हिशेबाचा आधार नाही तो भाव पहिल्याच घासाघिशीत कोसळतो.

मग योग्य भाव म्हणजे काय? आम्ही असं म्हणतो, की भावाला दोन टोकं असतात. खालचं टोक म्हणजे आपला पुरा खर्च, त्यात आपली मजुरीही आली. वरचं टोक म्हणजे त्या मालानं गिऱ्हाइकाचं जे काम होतं, त्याचं तिच्या लेखी असलेलं मोल. भाव या दोन टोकांच्या मध्ये बसला पाहिजे. खालच्या टोकाच्या खाली गेला तर आपण बुडतो. वरच्या टोकाच्या वर गेला तर गिऱ्हाईक बुडतं, आणि बुडालेलं गिऱ्हाईक पुन्हा आपल्या पायरीला येत नाही.

आता नुसतं बोलून कळायचं नाही. एक माल घेऊ आणि त्यावर हे करून पाहू. आपण थालीपीठाची भाजणी घेऊ. घरोघरी ठाऊक असलेला पदार्थ आहे, आणि पुष्कळ गट ती करून विकतात. आम्ही सांगतो ते भाव हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या बाजारात आज जो भाव असेल तो तुम्ही घाला.

दहा किलो धान्याची एक खेप धरू. लिहून घ्या. ज्वारी ३ किलो, ५० रुपयांनी १५०. बाजरी २ किलो, ४० रुपयांनी ८०. तांदूळ २ किलो, ५० नं १००. गहू १ किलो, ४०. हरभरा डाळ १ किलो, ९०. उडीद डाळ अर्धा किलो, ६०. धणे ४०० ग्रॅम, ६० रुपयांचे. जिरे १०० ग्रॅम, ४० रुपयांचे. झाले ६२० रुपये.

पुष्कळ जणींची वही इथंच मिटते. दहा किलोला ६२०, म्हणजे किलोला ६२, अर्ध्या किलोला ३१. साठला विकलं तर निम्मा नफा! वही मिटू नका मैत्रिणींनो. अजून निम्मा हिशेब व्हायचा आहे.

पहिली गोष्ट, दहा किलो धान्याची दहा किलो भाजणी होत नाही. निवडताना खडे, कोंडा, किडके दाणे जातात. भाजताना ओलावा उडतो. थोडं पीठ गिरणीत राहतं, थोडं चाळणीत. हाती ९ किलो येते असं धरू. म्हणजे अर्ध्या किलोची १८ पाकिटं. दुसरी गोष्ट, वरखर्च. गॅस ६० रुपये. दळण किलोला ८ रुपयांनी ८०. पिशवी आणि लेबल पाकिटाला ५ रुपये, १८ पाकिटांचे ९०. धान्य आणायला आणि माल पोचवायला गाडीभाडं १००. हे झाले ३३०. आधीचे ६२० त्यात मिळवा. एकूण ९५०.

आता समजा, एखाद्या गटानं ही १८ पाकिटं ६० रुपयांनी विकली. आले १०८०. त्यातून ९५० गेले. उरले १३०. बैठकीत सांगितलं जातं, "१३० रुपये नफा झाला." टाळ्या पडतात. पण या १३० रुपयांसाठी राबलं कोण, आणि किती वेळ, हे कुणी विचारत नाही. आपण विचारू.

निवडण-पाखडण, दोघी जणी दोन तास, म्हणजे ४ तास. भाजणं, दोघी जणी तीन तास, म्हणजे ६ तास. गिरणीची चक्कर, एक जण २ तास. वजन करणं, भरणं, सील करणं, लेबल लावणं, दोघी जणी दीड तास, म्हणजे ३ तास. सगळे मिळून १५ तास. आता १३० रुपयांना १५ नं भागा. तासाला पावणेनऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. कुणाच्या रानात खुरपायला गेलो आणि मालकानं तासाला पावणेनऊ रुपये हातावर टेकवले, तर आपण दुसऱ्या दिवशी जाऊ का? मग स्वतःच्या गटात आपण स्वतःला तेवढेच का देतो?

इथं कुणीतरी म्हणतंच, "अहो, घरबसल्या तर करतो. वेळ रिकामाच असतो." खरंच असतो का रिकामा? पहाटेपासून रात्रीपर्यंत आठवून पाहा. पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणं, जनावरं, लेकरांची शाळा, रानातलं काम. त्यातून हे १५ तास कुठून येतात? कुणाच्या झोपेतून येतात. कुणाची रोजगाराची पाळी चुकते त्यातून येतात. कुठं थोरलीला शाळेतून घरी ठेवून धाकट्याला सांभाळायला लावलं जातं, त्यातून येतात. जो वेळ आपण हिशेबात धरत नाही, तो फुकट नसतो. तो घरातलं कुणीतरी भरत असतं, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते.

म्हणून मजुरी मांडायचीच. तुमच्या गावात खुरपणीला जी मजुरी चालू असेल ती तासात बसवा. आपण इथं तासाला ४० रुपये धरू. १५ तासांचे ६०० रुपये. ९५० आणि ६००, झाले १५५०. कढई, वजनकाटा, सील करायचं मशीन कधीतरी बदलावं लागणार, त्यासाठी खेपेमागे ५० बाजूला टाका. झाले १६००. गटाला पुढच्या खेपेसाठी, अडीनडीसाठी गाठीला काही हवं, त्याचे दहा टक्के, म्हणजे १६०. झाले १७६०. आणि १८ पाकिटांतलं एक पाकीट चाखायला देण्यात, फुटण्यात किंवा न विकता राहण्यात जातं असं धरा. विकायला राहिली १७. आता १७६० ला १७ नं भागा. आले १०३ रुपये आणि वर पन्नास पैसे. म्हणजे १०४ धरू.

हे आपलं खालचं टोक. अर्ध्या किलोला १०४. साठ आणि एकशे चार यांच्यातला फरक म्हणजे आजवर गिऱ्हाइकाच्या पिशवीत फुकट गेलेला बायकांचा घाम.

आता दुसरं टोक. इथं आपण आपल्या ओट्यावरून उठून गिऱ्हाइकाच्या ओट्यापाशी जाऊन उभं राहायचं. आपण किती राबलो याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तिला तिचं काम व्हायला हवं असतं. म्हणून विचारायचं, हे पाकीट नसतं तर तिनं काय केलं असतं?

शहरात नोकरी करणारी बाई घ्या. तिला भाजणी करायची तर आठ जिन्नस आणायचे. प्रत्येक निवडायचा. प्रत्येक वेगळा भाजायचा, कारण ज्वारीला जेवढी आच लागते तेवढ्यात डाळ करपते. कच्ची राहिली तर उग्र वास येतो, करपली तर कडू लागते. मग गार करून दळायला न्यायचं. दोन किलोचं दळण घ्यायला गिरणीवाला कुरकुर करतो, आणि आधीच्या दळणाचं पीठ त्यात मिसळतं ते वेगळंच. तिचा रविवार त्यात जातो. आपलं पाकीट तिला तो रविवार परत देतं. अर्ध्या किलोत मध्यम आकाराची ८ ते १० थालीपीठं होतात. पाकीट १३० ला पडलं तरी एक थालीपीठ १३ ते १६ रुपयांना पडतं. कांदा, तेल, लोणी तिचं. हॉटेलात एका ताटलीला काय मोजावं लागतं ते तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिच्यासाठी १३० हा भाव जड नाही, पण भाजणी खमंग असली, पाकीट महिन्यात खराब झालं नाही आणि दर वेळी चव तीच राहिली तरच.

आता आपल्याच गावातली शेजारीण घ्या. तिच्याकडं घरची ज्वारी आहे, घरचा हरभरा आहे, भाजायला हात आहेत. तिला हे पाकीट १३० ला महागच वाटणार, आणि तिचं बरोबर आहे. तिच्या गळ्यात ते मारायचं नाही. पण तिचंही एक काम अडलेलं असतं. गुडघे दुखतात, चुलीपुढं तीन तास बसवत नाही. तिचं निवडलेलं धान्य आपण मजुरीवर भाजून द्यावं. दहा किलोला भाजण्याचे ६ तास, म्हणजे २४०, आणि गॅसचे ६० मिळून ३००. किलोला ३० रुपये. तिला परवडतं, आपली मजुरी सुटते, आणि माल पडून राहायची भीती नाही. हात तेच, कढई तीच. गरज वेगळी, म्हणून देणं वेगळं आणि भावही वेगळा.

हे नीट लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाचा चेहरा, कपडे, गाडी बघून भाव बदलणं म्हणजे लबाडी. तिला वेगळी वस्तू, वेगळं माप किंवा वेगळी सेवा देऊन वेगळा भाव लावणं म्हणजे व्यवहार. एकाच बाजारात, एकाच दिवशी, तेच पाकीट एकीला १३० आणि दुसरीला १५० असं झालं, तर त्या दोघी संध्याकाळी एकाच एस. टी. त शेजारी बसतात आणि आपला विश्वास तिथंच संपतो.

आता तुम्ही म्हणाल, १०४ चे एकदम १३० कसे झाले? ते दुकानदारासाठी. किराणा दुकानात माल ठेवला तर दुकानदार आपलं कमिशन घेणार. तो जागा देतो, माल सांभाळतो, रोज दुकान उघडतो. ते त्याचं मोल आहे. समजा तो छापील किमतीवर २० टक्के घेतो. इथं एक गफलत पुष्कळ ठिकाणी होते, म्हणून सावकाश ऐका. १०४ वर २० टक्के चढवले की होतात जवळपास १२५. पण दुकानदार २० टक्के काढतो ते १२५ वर, म्हणजे २५ रुपये. आपल्या हातात येतात १००. पाकिटामागे ४ रुपये गेले, १७ पाकिटांमागे ६८. म्हणून उलटा हिशेब करायचा. छापील किंमत १३० धरली तर २० टक्के होतात २६, आणि आपल्याला उरतात पुरे १०४.

मग प्रदर्शनात आपण स्वतः विकतो तेव्हा हे २६ रुपये नफा का? तसं समजू नका. मुंबईला महालक्ष्मी सरसला जा, नाहीतर तालुक्याच्या जत्रेत बसा. प्रवास आहे, खाणंपिणं आहे, दोन बायांचा दिवस आहे. तिथं दुकानदाराचं काम आपण करतो, म्हणून दुकानदाराचा वाटा आपला. उरलं तर गटाचं.

पाकिटावर छापलेली किंमत ही सगळे कर धरून कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणं हा गुन्हा आहे. कमी घेतलेलं चालतं. पाकिटावर निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, गटाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर, घटक पदार्थ आणि अन्न सुरक्षेचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. काहींना हे सगळं सरकारी लचांड वाटतं. आम्हाला वाटतं, हा आपला भावाचा पुरावा आहे. ज्या पाकिटावर नाव-गाव लिहिलेलं आहे, त्याच्यामागे कुणीतरी उभं आहे हे गिऱ्हाइकाला कळतं. त्याचेही पैसे ती देते.

वजनाचं तर सांगायलाच नको. पाकीट काट्यावर ठेवून ५०० ग्रॅम भरलं म्हणजे झालं नाही. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून आत पुरी ५०० ग्रॅम भाजणी हवी. काटा वैधमापनशास्त्र खात्याकडून तपासून, शिक्का मारून घेतलेला हवा. आपल्या आयांना धान्य मोजताना मापावर शीग लावून द्यायची सवय होती. तेवढी शीग नको, पण मापात पाप नको.

मैत्रिणींनो, खरी परीक्षा महागाईत होते. डाळ कडाडली की गटात तीन मतं पडतात. एक म्हणते, भाव वाढवू. दुसरी म्हणते, उडीद डाळ थोडी कमी करून तांदूळ वाढवू, कुणाला कळतंय. तिसरी म्हणते, ५०० च्या जागी ४५० ग्रॅम भरू. दुसरी आणि तिसरी वाट दिसायला सोपी आहे, पण ती चोरवाट आहे. प्रमाण बदललं की थालीपीठाची चव बदलते, आणि तव्यावर कळतंच. आधी वहीत बघा, वाढ केवढी आहे. उडीद डाळ १२० वरून १६० झाली असं धरा. आपल्याला लागते अर्धा किलो. खेपेमागे २० रुपये वाढले. १७ पाकिटांत वाटले तर पाकिटामागे सव्वा रुपयाच्या आत. मग डाळीचं निमित्त करून दहा रुपये वाढवणंही बरोबर नाही, आणि डाळ कमी करून वर्षानुवर्षांची चव घालवणं तर मुळीच नाही. सव्वा रुपया गाठीतून सोसा. सगळेच जिन्नस वाढले तर नव्यानं हिशेब मांडा, भाव वाढवा आणि गिऱ्हाइकाला सांगा, "पुढच्या महिन्यापासून पाच रुपये जास्त, धान्य महागलंय." लहान पाकीट करायचं तर उघड करा, वजन ठळक छापा. लहान पाकीट किलोमागे थोडं महागच पडतं, कारण पिशवी, लेबल आणि सील करायचा वेळ तेवढाच लागतो. कुणी विचारलं तर हेच सांगायचं.

याबाबतीत लिज्जतची गोष्ट आठवण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी एकत्र येऊन पापड लाटायला घेतले. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत, त्यातला एक हलक्या प्रतीचा, स्वस्तात विकायला. छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पा त्यांना मदत करत. त्यांनी सल्ला दिला, की एकच पापड करा, चांगला करा, प्रतीत तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा. बायकांनी ऐकलं. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हेही त्यांनी ठरवलं. पुढं त्याचा श्री महिला गृह उद्योग झाला, आणि देशभर हजारो बायकांच्या हाताला काम मिळालं. लाटणारीला तिथं लाटण्याची मजुरी ठरलेली असते. त्या सात जणींमधल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपण साऱ्या जणी काही लिज्जत होणार नाही. पण प्रत एक, हिशेब चोख आणि मदतीची भीक नको, एवढं तर कुठल्याही दहा बायांच्या गटाला जमण्यासारखं आहे.

भीक शब्द आम्ही मुद्दाम वापरला. "बचत गटाच्या बायका आहेत, घ्या बिचाऱ्यांकडून" असं म्हणून घेतलेलं पाकीट एकदाच घेतलं जातं. दया संपली की गिऱ्हाईक संपलं. चवीसाठी घेतलेलं पाकीट दर महिन्याला घेतलं जातं. म्हणून भावात दयेचे पैसे धरू नका.

आता एक अवघड गोष्ट. सगळा हिशेब मांडल्यावर कळलं, की खालचं टोकच वरच्या टोकापेक्षा उंच आहे. माल १०४ ला पडतो आणि आपल्या बाजारात कुणी ८० च्या वर द्यायला तयार नाही. मग काय करायचं? पहिला मोह होतो आपली मजुरी कापायचा. ती सगळ्यात शेवटी. आधी खर्च बघा. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते तेव्हाच घेऊन ठेवा. दोन-तीन गटांनी मिळून डाळीचं पोतं घ्या. दहा दहा किलोच्या तीन चकरा मारण्यापेक्षा तीस किलो एकदम गिरणीवर न्या. दोन चकरांचे ४ तास वाचले, म्हणजे १६० रुपये. ५१ पाकिटांत पाकिटामागे ३ रुपये सुटले. मजुरी कुणाची कापली नाही, कष्ट मात्र कमी झाले. दुसरं, बाजार बदलून बघा. जिथं घरोघरी भाजणी होते तिथं विकण्यापेक्षा जिथं वेळ नाही अशांपर्यंत पोचा. एवढं करूनही जमत नसेल, तर तो माल सोडा आणि दुसरा धरा. त्यात कमीपणा नाही. ज्या मालात बाईची मजुरी सुटत नाही तो माल कितीही चविष्ट असला तरी तो धंदा नाही, ती पदरमोड आहे. ती आपण लेकीबाळींसाठी करतो तेवढी पुरे.

आणि घासाघीस? ती होणारच. बाजार आहे. गिऱ्हाईक म्हणेल, "ताई, दुकानात शंभरला मिळतं." चिडू नका, दुकानाला नावं ठेवू नका. शांतपणे सांगा, "मिळत असेल काकू. यात आठ जिन्नस आहेत, प्रत्येक वेगळा भाजलाय. वास घेऊन बघा. पाकिटात आठ-दहा थालीपीठं होतात." एवढं सांगून थांबा. गप्प बसणं हे भाव सांगण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. आपण घाईनं "बरं, शंभर द्या" म्हटलं, की आधी सांगितलेले १३० खोटे ठरतात. पाच पाकिटं घेणारीला थोडं कमी करायचं असेल तर किती, हे गटानं बैठकीतच ठरवावं, म्हणजे जी बसली असेल तिच्या एकटीवर ओझं येत नाही. आणि एखादी पाकीट ठेवून निघून गेली तर जाऊ द्या. तिला ते नको होतं, एवढंच.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एवढं करा. पुढची खेप करताना प्रत्येकीनं किती वेळ काम केलं ते वहीत लिहा, मिनिटांसकट. वरखर्च लिहा. तासाच्या मजुरीवर चर्चा करा आणि ठराव करा. मग आपला माल नेहमी घेणाऱ्या तीन जणींना विचारा. नात्यातल्या नकोत, त्या गोडच बोलणार. विचारा, हे मिळालं नसतं तर तुम्ही काय केलं असतं? यात काय खटकलं? आणि या भावाला पुन्हा घ्याल का? त्यांची उत्तरंही त्याच वहीत लिहा. एका पानावर आपला खर्च, समोरच्या पानावर त्यांचं म्हणणं. दोन्ही पानं वाचून जो आकडा निघेल तो आपला भाव. तो वहीत लिहा, पाकिटावर छापा आणि बाजारात मोठ्यानं सांगा.

हिशेब मांडताना कुठं अडलं तर आमच्या केंद्रावर पत्र पाठवा, नाहीतर आपल्या गटाच्या सीआरपी ताईंबरोबर निरोप धाडा. तुमच्या मालाचा, मग तो मसाला असो, कुरडई असो, गोधडी असो, हिशेब आपण इथंच बसून मांडू. तोवर काळजी घ्या, आणि रात्री पाठ टेकण्याआधी आजच्या कामाचे तास वहीत लिहायला विसरू नका. नमस्कार.